वाचकांचे प्रश्न : कॉलेजच्या खेळातला पैसा जातो कुठे?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज खेळांबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. 6 जून 2025 ला तिथल्या फेडरल जज क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी केलेल्या केसमधली एक मोठी तडजोड मंजूर केली आणि 1 जुलैपासून कॉलेजं आपल्या खेळाडूंना पहिल्यांदाच स्वतःच्या तिजोरीतून थेट पैसे द्यायला लागली, एवढंच ते होतं. त्यावर इतके मेल आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. पाच पत्रं निवडलीत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

ताई, मी 31 वर्षं शाळेत पीटी शिकवली. तुमचं वाचून वाईट वाटलं. फुकट शिक्षण, फुकट राहणं, फुकट जेवण मिळतंय आणि वर पैसे कशाला? खेळ हा खेळ म्हणूनच खेळावा. पोरांच्या हातात एवढा पैसा दिला की अभ्यासही जातो आणि खेळही जातो.
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, तुम्ही 31 वर्षं मैदानावर उभे राहिलात, त्यामुळे तुमची कळकळ मला समजते, आणि खरं सांगायचं तर एमएस करायला गेले तेव्हा माझंही मत अगदी हेच होतं. मी ज्या गावात शिकले तिथे शनिवारी फुटबॉलची (तिकडचा, बॉल हातात घेऊन पळायचा तो) मॅच असली की अख्खं गाव स्टेडियममध्ये असायचं, आणि मी खर्चाला हातभार म्हणून खेळाडूंना स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. त्यात एक मुलगा होता, सकाळी साडेपाचला जिम, मग लेक्चर, मग दुपारभर प्रॅक्टिस आणि रात्री आठला माझ्यासमोर येऊन बसायचा तो गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधूनच. हुशार होता, फक्त झोपेने डोळे मिटायचे. त्याच्या नंबरची जर्सी कॅम्पसच्या दुकानात विकायला टांगलेली असायची, त्यातला एक डॉलर त्याला मिळत नव्हता, आणि त्याच्या आईला तिकीट परवडत नव्हतं म्हणून त्या वर्षी ती त्याची एकही मॅच बघायला आली नाही. ते कळलं त्या दिवशी माझं मत बदललं.

आता ही व्यवस्था आली कुठून ते बघा. तिकडे कॉलेज खेळ चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए, 1906 पासूनची. त्यांनी एक शब्द तयार केला, ‘स्टुडंट-ॲथलीट’. ऐकायला किती छान वाटतो ना, पण तो रुजवला गेला 1950 च्या दशकात, कारण जखमी झालेले खेळाडू आणि मेलेल्या खेळाडूंच्या घरचे लोक कामगार म्हणून नुकसानभरपाई मागायला लागले होते. कोलोरॅडोमधल्या एका छोट्या कॉलेजचा फुटबॉल खेळाडू 1955 मध्ये डोक्याला मार लागून गेला, त्याच्या बायकोने भरपाई मागितली आणि 1957 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो कामगार नव्हताच. विद्यार्थी म्हटलं की पगार नाही, विमा नाही, युनियन नाही. हा शब्द पुढे साठ-सत्तर वर्षं ढालीसारखा वापरला गेला.

आणि या काळात खेळ ‘खेळ म्हणून’ राहिला होता का, तर नाही. मार्चमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलची जी मोठी टूर्नामेंट होते तिच्या टीव्ही हक्कांचा करार 2016 मध्ये वाढवला, वाढीव आठ वर्षांचे 880 कोटी डॉलर. बहुतेक राज्यांमध्ये सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा गव्हर्नर नसतो, सर्जन नसतो, स्टेट युनिव्हर्सिटीचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो. टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीने नोव्हेंबर 2023 मध्ये जिम्बो फिशर या कोचला काढून टाकलं तेव्हा करार मोडल्याबद्दल त्याला द्यायची रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या वर होती. म्हणजे न शिकवण्याचे साडेसात कोटी. कोचच्या हातात एवढा पैसा आला तर त्याचं लक्ष उडेल असं कुणी कधी म्हटलं नाही सर, ही भीती फक्त एकोणीस वर्षांच्या पोराबद्दलच वाटते, आणि त्यातली बरीचशी पोरं गरीब घरातली आणि कृष्णवर्णीय असतात.

जेवणाचं म्हणाल तर 2014 मध्ये कनेटिकटची टीम बास्केटबॉलची चॅम्पियन झाली, तेव्हा त्यांचा स्टार शबाज नेपियर पत्रकारांना म्हणाला होता की काही रात्री मी उपाशी झोपतो. त्यानंतर काही दिवसांतच एनसीएए ने पोटभर जेवण द्यायची परवानगी दिली. पोटभर जेवायला परवानगी लागत होती!

बदल झाला तो कोर्टामुळे. कॉलेजात असताना बास्केटबॉलचा चॅम्पियन झालेला एड ओबॅनन, त्याला कळलं की व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब आपण आहोत आणि पैसे शून्य, त्याने केस केली आणि 2014 मध्ये याच विल्केन बाईंनी त्याच्या बाजूने निकाल दिला. मग 2021 च्या जूनमध्ये ऑल्स्टन केसमध्ये सुप्रीम कोर्टाचे नऊच्या नऊ जज एनसीएए च्या विरोधात गेले, त्यातले जस्टिस कॅव्हनॉ यांनी तर वेगळं मत लिहून म्हटलं की कामगारांना बाजारभावाने पगार द्यायचा नाही असं मालकांनी आपसात ठरवलेलं देशातल्या दुसऱ्या कुठल्याच धंद्यात चालत नाही. त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि चेहऱ्याच्या जाहिराती करून कमवायची मुभा मिळाली, त्याला तिकडे एनआयएल म्हणतात. आणि आत्ताची तडजोड, ती ज्या केसमधून आली ती 2020 ची हाऊस केस. 2025-26 या पहिल्या वर्षासाठी दरेक कॉलेजला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना द्यायची मुभा मिळाली, आणि 2016 पासूनच्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून 280 कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचेत.

सर, मी याच्या बाजूची आहे, पूर्ण मनाने. पण हा पैसा वाटला कसा जातोय ते बघून मला त्रास होतो, त्यावर पुढच्या पत्रांत बोलूच. फक्त एवढं लक्षात ठेवा की हाऊस हे नाव एका स्विमरचं आहे, ग्रँट हाऊस, ॲरिझोना स्टेटचा. केसवर नाव पोहणाऱ्याचं, आणि भरपाईचा साधारण नव्वद टक्के भाग फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे.

ताई, मी इथे मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस करतोय. सांगलीचं घर गहाण ठेवून लोन काढलंय. फीच्या बिलात ‘ॲथलेटिक्स फी’ म्हणून काही शे डॉलर दिसले. मी एकही मॅच बघितलेली नाही. मी का भरायचे?
– एक विद्यार्थी

अरे, तुझा प्रश्न वाचून मला माझंच बिल आठवलं. मी पण तेव्हा ती ओळ बघून कॅल्क्युलेटर काढला होता की याच्यात किती महिन्यांचा किराणा येईल.

कारण असंय की सगळे कॉलेज एकाच शर्यतीत पळतायत पण सगळ्यांच्या पायात बूट नाहीत. टेक्सससारख्या युनिव्हर्सिटीचा खेळ विभाग वर्षाला 30 कोटी डॉलरच्या वर कमावतो, त्यांना तुझ्या फीची गरज नाही. पण असे स्वतःच्या कमाईवर चालणारे विभाग अगदी मोजके. डिव्हिजन वन मध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या गटात, साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत, त्यातल्या बहुतेकांचा खर्च कमाईपेक्षा जास्त, आणि मधली फट भरली जाते युनिव्हर्सिटीच्या सामान्य फंडातून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून. काही ठिकाणी ही फी वर्षाला हजार डॉलरच्या वर जाते. म्हणजे सांगलीच्या घराच्या लोनमधून कुठल्यातरी संघाचं विमानभाडं सुटतंय, आणि ज्या वेटरच्या मुलाने आयुष्यात स्टेडियम बघितलं नाही तोही ते भरतोय.

नव्या तडजोडीने ही दरी रुंद होणार असं मला वाटतं. 2 कोटी 5 लाख ही पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही, पण मोठ्या कॉन्फरन्समधले (म्हणजे कॉलेजांच्या मोठ्या लीगमधले) जवळजवळ सगळे ती गाठायला बघतायत, आणि डिव्हिजन वनमधल्या कितीतरी छोट्या कॉलेजांचं सगळ्या खेळांचं मिळून वर्षाचं बजेटच तेवढं नसतं. त्यात ती 280 कोटींची भरपाई, ती एनसीएए स्वतःच्या खिशातून पूर्ण देत नाहीये, मोठा हिस्सा सगळ्या डिव्हिजन वन कॉलेजांना दरवर्षी जो वाटा मिळतो त्यातून कापला जातोय. ज्या छोट्या कॉलेजांच्या खेळाडूंना त्या भरपाईत फारसं काही मिळणार नाही त्यांचाही वाटा कापला जातोय. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. पेनसिल्व्हेनियात सेंट फ्रान्सिस नावाचं छोटं कॉलेज आहे, मार्च 2025 मध्ये त्यांची बास्केटबॉल टीम मोठ्या टूर्नामेंटमध्ये खेळली, आणि आठवडाभरात कॉलेजने जाहीर केलं की आम्ही डिव्हिजन वन सोडून डिव्हिजन थ्री मध्ये जातोय, जिथे खेळासाठी स्कॉलरशिपच देत नाहीत. पोरं अजून त्या मॅचच्या आनंदात असतील.

उलट टेनेसी युनिव्हर्सिटीने 2024 मध्येच फुटबॉलच्या तिकिटांवर दहा टक्के ‘टॅलेंट फी’ लावायचं जाहीर केलं. मला हे त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं, जो मॅच बघतो तो भरतो.

तू काय करू शकतोस, तर तुझी युनिव्हर्सिटी सरकारी आहे, तिचा खेळाचा हिशोब मागता येतो. तो माग. फी ठरवताना बऱ्याच ठिकाणी स्टुडंट गव्हर्नमेंटचं मत घेतलं जातं, त्या मीटिंगला सहसा कुणी जात नाही, तू जा आणि ग्रॅज्युएट स्टुडंट्सच्या संघटनेतल्या दोघा-तिघांना घेऊन जा. या सेमिस्टरची फी काही परत मिळणार नाही, ती भर, उशीर केलास तर दंड लागेल.

मुलींना यात किती मिळतं?
– एक आई, ठाणे

खूप कमी. बऱ्याच मोठ्या कॉलेजांत नव्या पैशातला साधारण पाऊण भाग फुटबॉलला, मग पुरुषांचं बास्केटबॉल, मग मुलींचं बास्केटबॉल आणि उरलेल्या चिमूटभरात बाकी सगळे. कारण सांगतात की जो खेळ कमावतो त्याला द्यायचं. पण कमाई काय आपोआप होते का हो? पुरुषांच्या टीमना टूर्नामेंटमधल्या मॅच जिंकल्याबद्दल एनसीएए 1991 पासून पैसे वाटते, मुलींसाठी ती पद्धत सुरू झाली 2025 मध्ये. चौतीस वर्षं. 2021 मध्ये मुलींच्या टूर्नामेंटला व्यायामासाठी डंबेल्सचा एक छोटासा स्टँड आणि पुरुषांना अख्खी जिम, हा व्हिडिओ ओरेगनची खेळाडू सेडोना प्रिन्सने टाकला तेव्हा जगाला कळलं, आणि तीच सेडोना हाऊस केसमध्येही होती. आणि 2024 मध्ये, बास्केटबॉल स्टार केटलिन क्लार्कच्या वर्षी, मुलींची फायनल टीव्हीवर बघणारे 1 कोटी 80 लाखांच्या वर होते आणि पुरुषांची बघणारे 1 कोटी 50 लाखांच्या आत. म्हणजे दाखवलं तर लोक बघतात.

1972 चा टायटल नाईन नावाचा कायदा आहे, सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून भेदभाव करता येत नाही असं तो म्हणतो. नवा पैसा त्याच्या कक्षेत येतो की नाही हाच आता वाद आहे. जानेवारी 2025 मध्ये सरकारी शिक्षण खातं म्हणालं येतो, सरकार बदलल्यावर फेब्रुवारीत तेच खातं म्हणालं ते मागे घेतलं. काही महिला खेळाडूंनी भरपाईच्या वाटपाविरुद्ध अपील केलं. माझं मत विचाराल तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

ताई, मी तालमीत पोरं घडवतो. आमच्या पोरांना खुराकाचे पैसे पुरत नाहीत आणि तिकडे कोटींची भाषा. आपल्या कॉलेजांनी यातनं काय घ्यावं?
– एक वस्ताद, कोल्हापूर

वस्ताद, तुम्ही कोल्हापूरहून लिहिताय म्हणून आधी तुमच्याच गावची गोष्ट. खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला गेले ते राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले म्हणून. त्यांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कॉलेजचा खेळाडू आणि पैसा या विषयात आपल्याकडे याहून मोठं काही घडलेलं मला माहीत नाही, पण प्राचार्याला घर गहाण ठेवावं लागतं ही काही व्यवस्था नाही ना.

आपल्याकडे कॉलेज खेळाला टीव्हीचा पैसाच नाही, त्यामुळे वाटणीचं भांडण तिकडचं, ते आपल्या कामाचं नाही. खेलो इंडियात निवड झालेल्याला महिन्याला 10,000 रुपये खर्चाला मिळतात, पण निवड होईपर्यंतची जी सात-आठ वर्षं असतात, दूध, बदाम, तूप, प्रवास, ती घरच्यांच्या आणि तुमच्यासारख्यांच्या जिवावर जातात. तिकडून एकच गोष्ट उचलावी असं मला वाटतं, दुखापतीची. ऑगस्ट 2024 पासून डिव्हिजन वन कॉलेजला खेळाडूच्या खेळातल्या दुखापतीचा खर्च तो कॉलेज सोडून गेल्यावरही किमान दोन वर्षं उचलावा लागतो. विद्यापीठाच्या स्पर्धेत पोराचा खांदा निखळला आणि पुढच्या वर्षी तो कॉलेजात नसला, तर आज त्याच्या ऑपरेशनचा खर्च कोण करतं, हा प्रश्न तुम्ही विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना लेखी विचारा. गावातले चार वस्ताद मिळून सही करा.

ताई, आमची मुलगी बारावीत आहे, टेनिस खेळते, नॅशनल रँकिंग आहे. अमेरिकेतल्या एका डिव्हिजन वन कॉलेजच्या कोचने अर्धी स्कॉलरशिप देऊ म्हटलंय. दीर म्हणतात आता तिकडे खेळाडूंना लाखो डॉलर मिळतात, अर्ध्या फीचं टेन्शन घेऊ नका. पाठवावं का?
– एक आई, कोथरूड

ताई, आधी दिरांना सांगा की ते लाखो डॉलर टेनिसला नाहीत, आणि आपल्या मुलीला तर कायद्यानेही अवघड आहे. ती जाणार एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर. त्यावर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही आणि कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासच. अमेरिकेत उभं राहून एखाद्या ब्रँडची जाहिरात शूट करणं हे काम धरलं जाऊ शकतं आणि व्हिसा धोक्यात येऊ शकतो. केंटकी युनिव्हर्सिटीचा बास्केटबॉल खेळाडू ऑस्कर शिब्वे, काँगोचा मुलगा, 2022 मध्ये टीम बहामाजला गेली तेव्हा त्याने जाहिरातींची कामं तिथे उरकली होती, अमेरिकेत करता येत नव्हती म्हणून. तेव्हा घरचं गणित करताना एनआयएलचा आकडा शून्य धरा.

पण जाऊच नये असं मी अजिबात म्हणणार नाही. आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम कडून कॉलेज टेनिस खेळली, आणि 2023 च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड जिंकली. कोच, फिजिओ, कोर्ट, दर आठवड्याला तगड्या मॅचेस आणि हातात डिग्री, हे इथे स्वतःच्या पैशाने उभं करायला गेलं तर घर विकावं लागेल. म्हणूनच मला काळजी वाटते, कारण फुटबॉलसाठी पैसे काढायचे म्हटलं की पहिली नजर टेनिस, पोहणं, असल्या न कमावणाऱ्या खेळांवर जाते. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीने मार्च 2025 मध्ये स्विमिंग आणि डायव्हिंग बंद करताना याच तडजोडीकडे बोट दाखवलं.

अजून एक बारकावा. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या टेनिस टीमला आठ स्कॉलरशिप देता यायच्या आणि त्या पूर्णच असायच्या. आता नव्या पद्धतीत गेलेल्या कॉलेजांना टीममध्ये दहाच मुली ठेवता येतात, त्या दहाही जणींना पूर्ण देता येते, पण बंधन काही नाही, अर्धी दिली तरी चालते. तुमची अर्धीची ऑफर ती बहुतेक इथूनच आली. आणि दहाच जागा म्हटल्यावर कोच दुसऱ्या कॉलेजातून तयार खेळाडू आणू शकतो, आता ट्रान्सफर सोपी आहे, मग अकराव्या मुलीने जायचं कुठे.

म्हणून कोचला पाच गोष्टी विचारा. तुमचं कॉलेज हाऊसच्या पद्धतीत आहे का. ही अर्धी एक वर्षाची आहे की चारही वर्षांची, आणि अर्धी म्हणजे कशाची अर्धी, फक्त शिकण्याच्या फीची (तिकडे तिला ट्यूशन म्हणतात) की राहणं, जेवण, विमा धरून. दुखापत झाली किंवा तुम्ही सोडून गेलात तर स्कॉलरशिप राहील का. टीम बंद झाली तर डिग्री होईपर्यंत पैसे चालू ठेवणार का, काही कॉलेजं ठेवतात. आणि गेल्या तीन वर्षांत किती मुली मध्येच टीम सोडून गेल्या. त्या सोडून गेलेल्यांपैकी एखादी भारतीय असेल तर तिला इन्स्टावर शोधून मुलीलाच बोलू द्या, मुली एकमेकींना खरं सांगतात.

उरलेली अर्धी तुम्ही चार वर्षं लोन न काढता भरू शकत असाल तर पाठवा. लोन काढावं लागत असेल तर अजून दोन-चार कोचना व्हिडिओ पाठवा, अगदी डिव्हिजन टू मध्येही, तिथेही चांगलं टेनिस आहे आणि भरपूर परदेशी मुली आहेत. आणि कोचला हे सगळं फोनवर नाही, ईमेलवर विचारा. उत्तर आलं की मला पाठवा, सोबत बसून वाचू.